दुर्बीण, द्विनेत्री : नांदेड व लातूर परिसरातील वापर

दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी मोठी व सुस्पष्ट पाहण्याच्या उपकरणास द्विनेत्री दुर्बीण म्हणतात. एका सांध्याने परस्परांना जोडलेल्या दोन समांतर दूरदर्शकांचे हे उपकरण बनलेले असते [→ दूरदर्शक]. वस्तूकडील भिंगाचा व्यास सुमारे २० ते २८ मिमी. व वजन सामान्यतः २०० ते ३५० ग्रॅम असलेल्या, कोटाच्या खिशात मावणाऱ्या प्रकारास आटोपशीर किंवा खिशातील दुर्बीण असे म्हणतात. मराठवाड्याच्या पूर्व व दक्षिण भागांतील नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत दूरचे पाहण्याची साधने दीर्घकाळ मोजणीदार, सैनिक व शिकारी यांच्याच हाती होती. पक्षिनिरीक्षक, शिक्षक, शेतकरी, स्थापत्याचे अभ्यासक व हौशी आकाशनिरीक्षक यांच्या हाती ती गेल्या काही दशकांतच आली. या स्थित्यंतराचा इतिहास हा या भागातील माणसाच्या निसर्गाकडे पाहण्याच्या बदलत्या दृष्टीचाही इतिहास आहे.

‘दुर्बीण’ हा शब्द फार्सी ‘दूरबीन’ (दूर पाहणारा) यावरून मराठीत आला. सूक्ष्मदर्शकाला उर्दूत ‘खुर्दबीन’ (बारीक पाहणारा) म्हणतात, त्यातही हाच ‘बीन’ आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) हा शब्द नोंदलेला आहे, म्हणजे त्यापूर्वीच तो बोलीत रुळलेला असला पाहिजे. नांदेडला लागून असलेल्या तेलुगू मुलखात ‘दुर्भिणी’ व लातूरच्या दक्षिणेस कन्नडमध्ये ‘दुर्बीनु’ अशी याच शब्दाची रूपे आहेत. हैदराबाद संस्थानात प्रथम फार्सीचा व पुढे उर्दूचा कारभारात वापर असल्याने या सीमाभागात तो तिन्ही भाषांना सारखाच जवळचा राहिला. एका डोळ्याची नळी, मोजणीचे थिओडोलाइट, बांधकामावरील समतलमापक व दोन डोळ्यांचे उपकरण या सर्वांना ग्रामीण बोलीत एकच नाव आहे. अलीकडे तर पोटात वा सांध्यात नळी घालून आतील भाग पाहण्याच्या वैद्यकीय उपकरणासही ‘दुर्बीण’ म्हणतात आणि ‘दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया’ अशा पाट्या तालुक्याच्या गावीही दिसतात. ज्या शब्दाचा मूळ अर्थच दूरचे पाहणे असा आहे, तो शरीराच्या आत पाहण्यासाठी योजला जावा, हा शब्दार्थाच्या प्रवासातील एक गमतीचा भाग होय.

दुर्बीण येण्यापूर्वीही या प्रदेशात टेहळणीची पद्धत पक्की होती. बालाघाटच्या डोंगररांगा, त्यांच्यामधील पठारे, मांजरा, मन्याड, लेंडी व तेरणा या नद्यांची रुंद खोरी आणि उत्तरेकडे गोदावरीचे सखल काळे रान अशी येथील भूरचना आहे. किनवट व माहूरकडील सागाची जंगले सोडल्यास नजर अडेल असे फारसे काही नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला मोकळ्या सपाट रानात क्षितिज सुमारे साडेचार किमी. वर दिसते, १० मी. उंचीवरून ते ११ किमी. च्या पुढे जाते आणि २० मी. उंचीवरून सुमारे १६ किमी. वर पोचते. कंधार, औसा व उदगीर येथील किल्ल्यांचे बुरूज, गावोगावच्या गढ्या आणि एकाकी उभे असलेले हुडे यांच्या उंचीचा अर्थ या आकड्यांवरून लक्षात येतो. शेतातील माळ्याचे तत्त्वही हेच होते. चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर बसून, हाती गोफण घेऊन ज्वारीची राखण करणारा माणूस आपली उंची वाढवून नजरेचा पल्ला वाढवीत असे. दुर्बिणीने क्षितिज दूर जात नाही, क्षितिजाच्या अलीकडे जे दिसते ते जवळ येते. त्यामुळे उंच जागा व दुर्बीण ही साधने परस्परांना पर्यायी नसून पूरक आहेत.

या परिसरातून गेलेला दूरदर्शकाचा पहिला मोठा शास्त्रीय उपयोग भूमापनाचा होता. विल्यम लॅम्बटन याने दक्षिण भारतातून उत्तरेकडे त्रिकोणांची जी साखळी नेली, तिच्यातील एक आधाररेषा १८१५ मध्ये बिदरजवळील दामरगिद्दा येथे मोजण्यात आली. तेथून ही साखळी ७८° पूर्व रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेस वऱ्हाडात एलिचपूर (अचलपूर) भागातील टाकलखेडा ठाण्यापर्यंत पोचली. या दोन ठाण्यांमधील पट्टा आजच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागावरून, म्हणजे देगलूर, बिलोली व भोकर या बाजूने जातो. लॅम्बटन याच कामाच्या ओघात हैदराबादहून नागपूरकडे जात असता हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी मरण पावला आणि काम जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे आले. लॅम्बटनचे मोठे थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचे होते व ते वाहून नेण्यास माणसांचा ताफा लागे. टेकडीवरून दूरच्या टेकडीवरील खूण या यंत्राच्या दूरदर्शकातून साधावी लागे. दिवसा धूळ, धुरकट हवा व तापलेल्या जमिनीवरील झळा यांनी ती खूण हलताना दिसे किंवा दिसतच नसे. म्हणून पुढे एव्हरेस्टने रात्री दिवे लावून निरीक्षणे घेण्याचा प्रघात पाडला. उन्हाळ्यात लातूरच्या पठारावर दुर्बीण डोळ्यांना लावणाऱ्यास आजही हीच अडचण येते.

दोन्ही डोळ्यांनी पाहण्याची कल्पना दूरदर्शकाइतकीच जुनी आहे. हान्स लिपरशे या चष्मे बनविणाऱ्या कारागिराने १६०८ मध्ये नेदर्लंड्सच्या शासनाकडे दूरदर्शकाच्या एकस्वासाठी अर्ज केला, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी वापरता येईल असे उपकरण करून देण्यास त्याला सांगण्यात आले आणि त्याप्रमाणे त्याने ते करूनही दिले. तथापि दोन नळ्या तंतोतंत समांतर ठेवणे अवघड असल्याने त्यानंतर दोन शतके एका नळीचेच राज्य चालले. व्हिएन्ना येथील फोइग्टलेंडर याने १८२३ च्या सुमारास नाट्यगृहासाठी लहान जोडदुर्बिणी विकण्यास सुरुवात केली. या गॅलिलीओच्या पद्धतीच्या असून त्यांची वर्धनशक्ती तीन ते पाच पटींहून फारशी अधिक नसे व दृष्टिक्षेत्रही अरुंद असे. इग्नात्स्यो पॉरो (१८०१–७५) या इटालियन अभियंत्याने १८५४ मध्ये काचेच्या लोलकांच्या साह्याने उलटी प्रतिमा सुलटी करण्याची व नळीची लांबी कमी करण्याची युक्ती शोधली. तिला लागणारी निर्दोष काच त्या काळी मिळत नव्हती. अखेर एर्न्स्ट आबे (१८४०–१९०५) याच्या मार्गदर्शनाखाली येना येथील झाइस कारखान्याने १८९४ मध्ये लोलकयुक्त द्विनेत्री दुर्बिणी बाजारात आणल्या. आजच्या बहुतेक दुर्बिणी मूलतः त्याच रचनेच्या किंवा तिच्यापुढील छप्पर-लोलकाच्या रचनेच्या आहेत. दोन महायुद्धांत त्यांचे उत्पादन प्रचंड वाढले. भिंगांवर परावर्तनरोधी लेप देण्याची रीत झाइसमध्येच १९३५ मध्ये निघाली. तिने प्रतिमेची प्रकाशमानता व स्पष्टता दोन्ही सुधारल्या.

बंदुकीकडून दुर्बिणीकडे : हैदराबाद संस्थानाच्या काळात नांदेड हा एक जिल्हा व लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी गाव होते. या काळी द्विनेत्री दुर्बीण म्हणजे फौजी अधिकारी, मोठे मुलकी अंमलदार, जहागीरदार व शिकारी यांच्या सामानातील वस्तू होती. काळविटांचे कळप उघड्या माळावर असत आणि जनावर पळ काढण्यापूर्वी त्याच्या शिंगांचा अंदाज घेणे हा तिचा मुख्य उपयोग होता. पाहणे ही मारण्याची पूर्वतयारी होती.

शास्त्रीय अभ्यासातही परिस्थिती फार निराळी नव्हती. एकोणिसाव्या शतकातील पक्षिविज्ञान हे मुख्यतः कातडी जमविण्याचे विज्ञान होते. पक्षी हातात घेऊन, त्याची मापे घेऊन व पिसे तपासून त्याची जात ठरविली जाई आणि दुरून पाहून केलेली नोंद अविश्वसनीय मानली जाई. एडमंड सिलूस या इंग्रज निरीक्षकाने १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पक्षिनिरीक्षणावरील पुस्तकात बंदूक टाकून दुर्बीण घ्यावी, असा आग्रह धरला. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन याच्या १९३४ च्या मार्गदर्शक पुस्तकाने दुरून दिसणाऱ्या मोजक्या खुणांवरून जात ओळखण्याची पद्धत सर्वसामान्यांच्या आटोक्यात आणली. या दोन सालांच्या दरम्यान, १९३१-३२ मध्ये, सालिम अली (१८९६–१९८७) यांनी हैदराबाद संस्थानाची पक्षिपाहणी केली. त्यांच्या प्रादेशिक पाहण्यांच्या मालिकेतील ही पहिली होय. तिचा वृत्तांत बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाला व त्यास ह्यू व्हिसलर याच्या टीपा जोडलेल्या आहेत. त्या काळच्या रीतीप्रमाणे या पाहणीत नमुने बंदुकीने मिळवून त्यांची कातडी जतन करण्यात आली. तथापि पक्षी कोठे राहतो, काय खातो, घरटे केव्हा बांधतो यांच्या नोंदींना सालिम अलींच्या लेखनात कातडीच्या मापांइतकेच महत्त्व आहे आणि या नोंदी जिवंत पक्षी पाहूनच मिळतात. जुनी व नवी अशा दोन पद्धतींच्या सांध्यावर ही पाहणी उभी आहे. मराठवाडा तेव्हा याच संस्थानाचा भाग असल्याने या प्रदेशाच्या पक्षिजीवनाचा विचार करणाऱ्यास तिच्यापासूनच आरंभ करावा लागतो. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ मध्ये निघाले आणि दुर्बीण व पुस्तक ही जोडी रूढ झाली.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि शिकारीचा जुना छंद कायद्याने बंद झाला. ज्या हातांत बंदुका होत्या, त्यांतील काहींत पुढे दुर्बिणी आल्या. जुन्या शिकाऱ्याला माग काढणे, वाऱ्याची दिशा ओळखणे व निश्चल बसणे ही कौशल्ये अवगत असल्याने तो उत्तम निरीक्षक होऊ शकतो, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. परंतु पाहण्याचे साधन स्वस्त होत असतानाच पाहण्याजोगे काही जीव नाहीसे होत गेले. माळढोक हा दख्खनच्या माळरानावरील मोठा पक्षी याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. तरीही गवताळ माळ नांगराखाली व कालव्याखाली जाणे, मोकाट जनावरांचा उपद्रव आणि विजेच्या तारांवर आदळून होणारे मृत्यू यांमुळे महाराष्ट्रातून तो जवळजवळ नामशेष झाला. पूर्वी दुर्बीण असलेल्यांना माळढोक दिसत असे, आज दुर्बीण असलेले पुष्कळ आहेत.

स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे दुर्बीण ही मराठवाड्यात दुर्मिळ वस्तू राहिली. देशात तिचे उत्पादन प्रामुख्याने लष्करासाठी होत असे. डेहराडून येथील आयुध कारखान्याची स्थापना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ मध्ये झाली. परदेशी दुर्बीण आयात परवाना व भारी जकात यांमुळे महाग पडे. युद्धोत्तर काळात लष्कराने मोडीत काढलेल्या जुन्या दुर्बिणी किंवा परदेशी गेलेल्या नातेवाइकाने आणलेली एखादी, एवढाच पुरवठा होता. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत असलीच तर एखादी दुर्बीण असे व ती कुलपात असे. आयातीवरील निर्बंध १९९१ नंतर सैल झाले. चिनी बनावटीच्या स्वस्त दुर्बिणी जिल्ह्याच्या गावी दिसू लागल्या आणि पुढे घरपोच मिळू लागल्या. यांतील सर्वच उपयुक्त नाहीत. नळ्या समांतर नसलेली दुर्बीण काही मिनिटांत डोके दुखविते, आणि तांबडा चकचकीत लेप दिलेली भिंगे चांगली असतात हा समज चुकीचा आहे. मोठमोठे वर्धनाचे आकडे छापलेल्या दुर्बिणींबाबत विशेष सावध राहणे इष्ट असते.

रचना व आकडे : दुर्बिणीवर ‘८×२५’ असे आकडे असतात. पहिला वर्धन व दुसरा वस्तुभिंगाचा मिमी. मधील व्यास दर्शवितो. आठ पटींच्या दुर्बिणीतून ८०० मी. वरील काळवीट १०० मी. वर असल्यासारखा दिसतो. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले असता नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ८×२५ मध्ये तो सुमारे ३ मिमी. असतो. भर दिवसा मनुष्याच्या डोळ्याची बाहुली दोन ते तीन मिमी. एवढीच उघडी असल्याने उन्हात ही लहान दुर्बीण मोठीच्या तोडीस तोड असते. सांजवेळी बाहुली रुंदावते व मग तिचे उणेपण कळते, कारण ८×४२ दुर्बिणीच्या मानाने ती सुमारे एक-तृतीयांश प्रकाशच गोळा करते. दहा पटींपेक्षा अधिक वर्धन हातात धरलेल्या दुर्बिणीला मानवत नाही. हाताचा कंपही तितकाच वाढतो. चष्मा वापरणाऱ्याने नेत्रभिंगाभोवतालची रबरी कडी दुमडून किंवा आत फिरवून घ्यावी लागते. दोन्ही डोळ्यांत फरक असल्यास उजव्या नेत्रभिंगाजवळील समायोजन एकदा नीट करून ठेवावे लागते. हे न केल्यामुळेच अनेकांची दुर्बीण ‘धूसर’ ठरून पेटीत पडून राहते.

दैनंदिन उपयोग : या दोन जिल्ह्यांत आटोपशीर दुर्बिणीचा सर्वांत मोठा उपयोग जलाशयांच्या काठी होतो. नांदेडजवळील गोदावरीवरील विष्णुपुरी, कंधार तालुक्यातील मन्याड नदीवरील जलाशय, लातूरला पाणी पुरविणारा धनेगाव येथील मांजरा जलाशय, तेरणा नदीवरील बंधारे व शेकडो लहान पाझर तलाव हे सर्व विसाव्या शतकातील आहेत. त्यापूर्वी एवढे मोठे पाणपृष्ठ या प्रदेशात नव्हते. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, तलवार बदके, चांदवे, शेकाटे, तुतवार व काही ठिकाणी पट्टकादंब उतरतात. पाणपक्षी काठापासून दूर राहतात व माणूस जवळ येताच उडतात, त्यामुळे येथे दुर्बिणीवाचून ओळख अशक्यच असते. तळ्याचे पाणी हटत जाते तसतसा चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि चिखलात चोच घालणारे पक्षी वाढतात. दर पंधरवड्यास एकाच जागी उभे राहून केलेली मोजणी म्हणूनच पाण्याच्या साठ्याचीही अप्रत्यक्ष नोंद ठरते. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा जलाशयात वापरण्याजोगे पाणी उरलेले नव्हते. अशा वर्षाची पक्ष्यांची नोंद पुढील ओल्या वर्षांच्या नोंदींशेजारी ठेवली, म्हणजे जलाशयावर अवलंबून असलेल्या जीवसृष्टीचे खरे चित्र दिसते.

शेतीत दुर्बिणीचा उपयोग हंगामाप्रमाणे बदलतो. ज्वारी निसवल्यावर हिवाळ्यात भोरड्यांचे थवे येतात. दुरून काळ्या ढगासारखा दिसणारा थवा कोणत्या वावराकडे वळला, हे बांधावरून दुर्बिणीने चटकन कळते. भोरड्या दाणे खातात तसेच कीडही खातात. त्या कणसांवर बसल्या आहेत की जमिनीवर किडे वेचीत आहेत, हे पाहूनच हाकलण्याचा निर्णय घेणे शहाणपणाचे असते. हिवाळ्यात माळावर जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्ये टोळ व नाकतोडे खातात. त्यांना ‘ससाणा’ समजून कोंबड्यांचा वैरी ठरविले जाते, ते केवळ नीट न पाहिल्यामुळे. लातूर भागात १९९० नंतर सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले व ज्वारीचे घटले. त्याबरोबर माळा व गोफण हीही मागे पडली. सोयाबीनला पाखरांचा उपद्रव कमी असला, तरी हरणे, रोही व रानडुकरे यांचा मोठा असतो. हरणांचा कळप पहाटे कोणत्या बाजूने आत येतो हे दुर्बिणीने कळते व कुंपणाची दुरुस्ती नेमक्या जागी करता येते. रानडुकरे मात्र रात्री येतात आणि अंधारात खिशातील दुर्बीण निरुपयोगी असते. तेथे जुनी जागलच करावी लागते. विखुरलेली शेळ्या-मेंढ्यांची खांडे शोधणे, विहिरीवरील पंप चालू आहे की नाही हे घरूनच पाहणे, झाडावरील आग्या मोहोळ जवळ न जाता तपासणे, खांबावरील फुटलेले चिनी मातीचे विसंवाहक खालून हेरणे असे लहानसहान उपयोग असंख्य आहेत. यांतील प्रत्येकात एक खेप किंवा एक धोका वाचतो.

पुराच्या काळात हे उपकरण विशेष मोलाचे ठरते. गोदावरीला ऑगस्ट २००६ मध्ये मोठा पूर येऊन नांदेड शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. पुलाच्या खांबावरील किंवा घाटावरील पातळीचे आकडे पाण्याजवळ न जाता वाचता येणे, वाहून येणारी झाडे आधीच दिसणे व वेढलेल्या घराच्या छपरावर माणसे आहेत की नाहीत हे कळणे, या गोष्टी बचावकार्यात निर्णायक असतात. गर्दीच्या व्यवस्थेतही तिचा उपयोग होतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष-पौषात भरते व तेथे घोडे, गाढवे, उंट व इतर जनावरांचा मोठा बाजार असतो. अशा ठिकाणी उंच मनोऱ्यावरील एक दुर्बीणधारी माणूस गर्दीचा कोंडमारा कोठे होत आहे हे इतरांच्या आधी सांगू शकतो. याच यात्रांत मुलांसाठी प्लॅस्टिकच्या खेळण्यातील दुर्बिणी विकल्या जातात. त्यांतून काहीच धड दिसत नाही, तरी कित्येकांची या उपकरणाशी पहिली ओळख तीच असते.

स्थापत्याच्या अभ्यासात द्विनेत्री दुर्बिणीचा उपयोग पुरेसा केला जात नाही. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरे, निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर, औसा तालुक्यातील खरोसा लेणी व माहूरची लेणी ही या परिसरातील महत्त्वाची स्थळे होत. होट्टल व निलंगा येथील बाह्यभिंतींवरील सुरसुंदरींच्या मूर्तींचे अलंकार, हातांतील वस्तू व केशरचना खालून साध्या डोळ्यांना अर्धवटच कळतात. आठ पटींच्या दुर्बिणीने छिन्नीच्या खुणाही दिसतात व शिडी लावून मूर्तीस हात लागण्याचा प्रसंग टळतो. किल्ल्यांच्या दरवाजांवर उंच बसविलेले फार्सी शिलालेख वाचण्यासही ती उपयोगी पडते. उथळ कोरलेली अक्षरे सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात, म्हणून वेळ निवडावी लागते. सभामंडपाच्या अंधाऱ्या छतासाठी २५ मिमी. भिंग अपुरे पडते. तेथे मोठी दुर्बीण किंवा आरशाने वळविलेला सूर्यप्रकाश वापरावा लागतो. या कामासाठी निवडलेल्या दुर्बिणीतून दोन-तीन मी. वरील वस्तूही स्पष्ट दिसणे आवश्यक असते.

आकाशनिरीक्षणास लातूर-नांदेडची स्थिती अनुकूल आहे. लातूरचे अक्षवृत्त सुमारे १८° २४′ उत्तर असल्याने दक्षिणेकडील आकाश उत्तर भारतापेक्षा बरेच अधिक दिसते. हॅलीचा धूमकेतू एप्रिल १९८६ मध्ये पृथ्वीच्या सर्वांत जवळ असता दिल्लीहून दक्षिण क्षितिजावर जेमतेम १४° चढत होता, लातूरहून मात्र तो सुमारे २४° उंचीवर येत होता. या फेरीत तो १९१० च्या मानाने बराच फिका होता व त्याचे चांगले दर्शन दुर्बिणीतूनच शक्य होते. त्या वेळी देशभर धूमकेतूसंबंधी जे कुतूहल जागे झाले, त्यातून अनेकांनी पहिली दुर्बीण मिळविली. हेल-बॉप (१९९७) व निओवाइज (२०२०) या धूमकेतूंच्या वेळीही असेच घडले. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेस नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ लहान दुर्बिणीतूनही धुक्याच्या ठिपक्यासारखा दिसतो. कृत्तिकांतील कितीतरी तारे, मृगातील तेजोमेघ, चंद्रावरील विवरे व हात भिंतीस टेकवून धरल्यास गुरूचे चार मोठे उपग्रह हे सर्व ८×२५ च्या आवाक्यात आहे. ईदच्या चंद्रकोरीचा शोध घेण्यासही दुर्बिणीची मदत होते. मात्र केवळ दुर्बिणीने दिसलेली कोर धार्मिक निर्णयास ग्राह्य धरावी की नाही, याविषयी मतभेद आहेत.

मर्यादा व निगा : दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. एक क्षणही दृष्टिपटलास कायमची इजा करण्यास पुरेसा असतो. कारवार-रायचूर-पुरी या पट्ट्यातून १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहण दिसले, तेव्हा या परिसरात ते मोठ्या प्रमाणात खंडग्रास होते. अशा प्रसंगी दुर्बिणीच्या एका नळीवर झाकण लावून दुसरीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडणे ही सुरक्षित रीत आहे. तेव्हाही मुलांना उपकरणाजवळ एकटे सोडू नये.

मार्च ते मे या काळात सकाळी नऊनंतर काळ्या जमिनीवरील हवा तापून प्रतिमा थरथरू लागते. हा दुर्बिणीचा दोष नसतो आणि अधिक वर्धनाने तो वाढतोच. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास निरीक्षणास उत्तम असतात. गावात व घराच्या गच्चीवर दुर्बीण वापरताना शेजाऱ्यांच्या खाजगीपणाचे भान ठेवावे लागते. अनोळखी गावात शिवाराकडे दुर्बीण रोखून उभ्या असलेल्या माणसाला लोक मोजणीवाला, भूसंपादनाचा माणूस किंवा पोलीस समजतात. या उपकरणाचा पूर्वेतिहास पाहता हा संशय निराधार म्हणता येत नाही. आधी पाटील, सरपंच किंवा शेतमालकास भेटून काम सांगणे व शक्य तर दुर्बीण त्याच्याही हाती देणे, हा अनुभवी निरीक्षकांचा शिरस्ता आहे.

भिंगावरील धूळ प्रथम मऊ कुंचल्याने झटकावी व नंतरच पुसावे. सदऱ्याच्या टोकाने किंवा उपरण्याने पुसल्यास मातीचे बारीक कण लेपावर ओरखडे पाडतात. पावसाळ्यात बंद कातडी पेटीत ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते व एकदा लेपात शिरल्यावर पुसून जात नाही. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात दुर्बीण पेटीतून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी व पुडी दर महिन्यास वाळवून घ्यावी.